पैकूजी ब्रेकपॅड पसंत करतात

आमच्या गल्लीतले पैकूजी ब्रेकपॅड आधी हुंगतात. दुकानदारानं डबा उघडून पॅड समोर ठेवला की बाकीची दुनिया त्याची कंपनी पाहते, भाव विचारते. पैकूजी तो नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि बाजारात मटण पारखावं तसा दोनदा वास घेतात. मग अंगठ्याच्या नखानं त्याच्या काळ्या अंगावर एक रेघ ओढतात. मग दोन पॅड कानाशी नेऊन एकमेकांवर ठोकतात. एवढं झालं की दोन्ही काउंटरवर ठेवून शांतपणे सांगतात, “नाही. याच्यात जीव नाही.”

आणि दुकानातून बाहेर पडतात. त्यांच्या मागून मी.

मी शामराव. चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत मास्तरानं विनाकारण मारलं, शाळा सोडली ती सोडली. पण कलकत्त्यापासून मद्रासपर्यंत ट्रक हाकला आहे, आणि ब्रेकच्या बाबतीत मला शिकवू शकेल असा माणूस अजून भेटायचा आहे. पैकूजींना वाटतं की तो भेटला आहे, रोज भेटतो, समोरच्याच घरात राहतो. आमची दोस्ती या भांडणावरच टिकली. मी म्हणतो पॅड कडक पाहिजे, लवकर झिजत नाही. ते म्हणतात नरम पाहिजे, चाक धरून ठेवतो. “तू ट्रकवाला गा शामराव,” ते म्हणतात. “तुले थांबायचं कुठं असते? तुले फक्त हॉर्न वाजवायचा असते.”

आता गंमत अशी, की ज्या पिकअप गाडीसाठी हे सगळं चालायचं, तिला पैकूजींच्या हातात ब्रेकची गरजच फारशी पडली नाही. भाजी कळमन्याच्या बाजारात न्यायची, लग्नाच्या मांडवातल्या खुर्च्या पोचवायच्या, कोणाचं घर हलवायचं, सगळी कामं एकाच चालीनं. सायकलवाले पुढे निघून जात. मागचा हॉर्न वाजवून वाजवून थकला, की पैकूजी गाडी बाजूला घेत आणि म्हणत, “जाऊ द्या त्याले. त्याच्या घरी कोनी मेलं असन.” एवढं हळू चालवून वर दरवेळी नवे पॅड हुंगत बसायचे. मी एकदा म्हटलं, बैलबंडीला ब्रेक लावून घे, तेवढाच राहिला. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बोलले, तेही ब्रेकवरच.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेनं गेले. काचबिंदू म्हणतात त्याला. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही, नळीतून पाहावं तसं. डॉक्टरांनी सांगितलं की गेलं ते परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, औषधाचे थेंब घाला आणि गाडी चालवू नका. पैकूजींनी थेंब घातले, गाडीही चालवली. एका सकाळी रस्त्याच्या कडेला उभी असलेली केळ्यांची गाडी त्यांना दिसलीच नाही. माणसाला लागलं नाही, केळी तेवढी रस्त्यावर आली. पैकूजी खाली उतरले, केळी वेचायला मदत केली, आणि शेजारच्या सीटवर बसलेल्या पोरीच्या हातात सगळ्यांसमोर किल्ली ठेवली. त्यानंतर ड्रायव्हरच्या सीटवर ते कधी बसले नाहीत, आणि हळूहळू समोरचंही अंधुक होत गेलं.

पोरगी म्हणजे सुनंदा. एकुलती एक. नवऱ्याशी पटलं नाही, बापाकडे परत आली, आणि घरात रडत बसण्याऐवजी गाडीत बापाच्या शेजारी येऊन बसली. पाहता पाहता गाडी शिकली. बाप चालवायचा त्याच्यापेक्षा बरी चालवते. हे मी पैकूजींना सांगितलं आहे. पैकूजींच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा घरात दोघंच. सुनंदा भाजी भरायची, बाप दारापुढच्या वट्ट्यावर बसून गाडीचा आवाज ऐकायचा आणि ती आत आली की सांगायचा, आज तिसऱ्या गिअरले त्रास दिला तू.

तर या सुनंदाला नागपूरबाहेर बुटीबोरीत काम मिळालं. तिथल्या कारखान्यांच्या कँटीनला भाजी पोचवायची. पहाटे पोचवायची, म्हणून राहायचंही तिकडेच. तिनं एक खोली पाहून ठेवली. बापाला म्हणाली, चला. बाप नाही म्हणाला. सगळ्यांनी समजावलं, मीही समजावलं. तेव्हा त्यांनी मला एकदाच काय ते सांगितलं.

“शामराव, इथं मी आंधया नाही. नाली कुठं हाये, कोनाचा वट्टा कुठं पुढं आला, मले पायाले माहीत हाये. तिथं गेलो का मी आंधया झालो.”

सुनंदाला जाऊ नको असंही ते म्हणाले नाहीत. पोरीची भाकरी आहे, कसं म्हणणार? पण त्याच आठवड्यात ब्रेक दाबला की गाडी किंचाळायला लागली. मिस्त्रीनं चाक खोललं आणि सांगितलं की पॅड संपले, लोखंडावर लोखंड येईल, लांब जाऊ नका. आणि पैकूजींनी वट्ट्यावरून जाहीर केलं, “पॅड मी पसंत करीन. पॅड टाकल्याशिवाय गाडी बुटीबोरीले जानार नाही.”

गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही समजलं, की पॅड मिळाले की सुनंदा जाणार, आणि म्हणून पॅड मिळणार नाहीत. सुनंदालाही समजलं. ती म्हणाली, करा बाबा पसंत. जवळच्या भाजीपुरती ती गाडी तशीच किंचाळत नेत राहिली.

आमचा दौरा सुरू झाला. जुना पॅड नमुन्यासाठी टॉवेलात गुंडाळून पैकूजी छातीशी धरत, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत. आधी गल्लीच्या तोंडावरचं दुकान झालं. मग कामठी रोडची दुकानं झाली. एक पॅड त्यांना जळक्या दुधासारखा वास मारतो म्हणून नापसंत. एक फार गुळगुळीत, “हा चाकाशी फक्त गोड बोलन.” एकाला रंग लावून आणला आहे असा संशय. वधूपित्यानं इतकी स्थळं परतवली असती तर पोरगी म्हातारी झाली असती. पुढे पुढे आम्हाला येताना पाहून दुकानदार अर्धं शटर ओढून घेऊ लागले. एकानं चहा दिला, आणि हात जोडून म्हणाला, काका, चहा पिऊन जा, पण डबा उघडायला सांगू नका.

नागपूर संपलं तेव्हा पैकूजी म्हणाले सावनेरला जाऊ, तिथले कोळशाचे ट्रकवाले चांगला माल वापरतात. ट्रकचा पॅड पिकअपला बसत नाही हे पैकूजींना माहीत नसेल? मी एस.टी.त बसलो. कंडक्टरनं विचारलं की टॉवेलात काय आहे, अंडी आहेत का? पैकूजी म्हणाले, नमुना हाये. कंडक्टर तिकीट फाडून पुढे गेला.

सावनेरात एका दुकानात मला खरोखर चांगला कडक पॅड दिसला. मी त्यावर बोट ठेवून म्हटलं, हाच घे. पैकूजींनी तो हुंगला, रेघ ओढली, ठोकला. मग माझ्याकडे तोंड केलं. “तुले काहून घाई होऊन राहिली?” बस, एवढंच. मी बोट काढून घेतलं. त्या पॅडला खूप दोष आहेत असं मीच दुकानदाराला सांगितलं, आणि आम्ही निघालो. माझा शब्द मागं घेतल्याचं हे एवढंच उदाहरण आहे.

परतताना ते खिडकीशी बसले होते. थोड्या वेळानं म्हणाले, “बाहेर काय दिसून राहिलं गा?”

“ट्रक. कोळशाचे.”

“भरले?”

“भरले.”

मग नागपूर येईपर्यंत ते टॉवेल मांडीवर घट्ट धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी कळमेश्वरला जायचं ठरलं होतं. मी सकाळी त्यांच्याकडे गेलो तर सुनंदा दारात उभी, हात ओले, पदर खोचलेला. कँटीनवाल्याचा फोन आला होता, सोमवारपासून ये नाही तर दुसऱ्याला काम देतो. ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

“बाबा, मी सोमवारी निघून राहिली,” ती म्हणाली. “पॅड नाही भेटले त राहू द्या. जुन्यावरच जाईन, हळू जाईन.”

पैकूजी वट्ट्यावर बसले होते. त्यांनी मान खालीच ठेवून विचारलं,

“भरली गाडी घेऊन?”

“भरलीच असन ना बाबा. खाली गाडी कोन बलावते?”

“वर्धा रोडनं? ट्रकाच्या गर्दीत?”

“दुसरा रस्ता कुठं हाये?”

ते उठले. चप्पल शोधली नाही, टॉवेल घेतला नाही. “चल गा शामराव,” म्हणाले, आणि माझा खांदा न धरता भिंतीला हात लावत इतके भराभर निघाले की मलाच मागं धावावं लागलं. गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात जाऊन उभे राहिले. दुकानदारानं आम्हाला पाहून सुस्कारा टाकला, खालच्या फळीवरून एक डबा काढला आणि पुसून समोर ठेवला. म्हणाला, घेऊन जा काका, तुम्हीच पहिल्या दिवशी बाजूला ठेवायला सांगितला होता, तेव्हापासून कोणाला दिला नाही.

पहिल्या दिवशी मी तंबाखूचा खर्रा घ्यायला पानठेल्यावर थांबलो होतो. माझ्या मागं हे झालं होतं. सावनेरपर्यंत हिंडवलं मला. मी खूप काही बोलणार होतो, पण त्यांनी डबा उघडून पाहिलाही नाही. हुंगला नाही, ठोकला नाही. सरळ काखेत मारला.

दुपारी मिस्त्रीनं चाकं खोलून पॅड टाकले. पैकूजी शेजारी उकिडवे बसून होते. मधून मधून हात घालून चाचपत होते आणि मिस्त्री त्यांचा हात बाजूला करत होता. काम झाल्यावर त्यांनी सुनंदाला जवळ बोलावलं.

“आयक वं. नवा पॅड आधी लाजते. आल्या आल्या जोरात दाबशीन त फसशीन. त्याले चाकाची वयख होऊ दे. तवर समोरच्यापासून दूर राह्य. अन् वर्धा रोडले सारे शामरावसारखेच असतात.”

“हो बाबा,” सुनंदा म्हणाली. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, पण मी चाकाकडे पाहत होतो.

सोमवारी ती गेली. मागे खाट, शेगडी, कपड्यांची पेटी. थेंबाची बाटली कुठं ठेवली ते तिनं बापाला दोनदा सांगितलं, मला तीनदा. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. पैकूजींनी विचारलं, ब्रेक कसा लागून राहिला? तिनं सांगितलं, जेवली बाबा. बरं, म्हणाले, आणि फोन मला दिला, कारण तो बंद करायचा कुठं ते त्यांना दिसत नव्हतं.

दोन दिवस त्यांच्या घराचं दार लोटलेलंच होतं. जेवणाचा डबा नेऊन दिला तर घ्यायचे, बोलायचे नाहीत. पॅड नरम की कडक, यावर मी मुद्दाम दोन-तीन वेळा चुकीचं बोलून पाहिलं. त्यांनी डबा घेतला आणि दार लोटून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीला हात लावत ते माझ्याकडे आले. अंगणात माझी सायकल उभी होती. ते तिच्याशी खाली बसले, चाचपडत पुढच्या चाकाचे ब्रेक शोधले आणि रबराला अंगठा लावला. ते रबर मी स्वतःच्या हातानं नुकतेच बसवले होते. अजून त्यांच्यावरची चमक गेली नव्हती. माझ्या हातच्या कामाला कोणी नाव ठेवलेलं मी आजवर ऐकून घेतलं नाही.

“शामराव, हे गेले गा,” पैकूजी म्हणाले. “बदलावं लागते.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. चाक हातानं हळू हळू फिरवत होते.

“गेलेच हायेत,” मी म्हटलं. “पन इकडं चांगले नाही भेटत. दोन-चार गावं पाहावं लागन.”

आणि सदरा घालायला आत गेलो.