उत्तमराव गाडेकर, काळी तीन

उत्तमराव गाडेकर सकाळी दहा वाजेपर्यंत बोलत नाहीत. लिहितात.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत त्यांचं दार आमच्या दारासमोर आहे. दाराच्या कडीला एक शाळकरी पाटी अडकवलेली असते आणि पेन्सिल त्यांच्या बंडीच्या खिशात असते. दूधवाला, पेपरवाला, पाणी सोडणारा वॉचमन, सगळ्यांशी व्यवहार पाटीवर. बायको गेल्यापासून आणि मुलगी पुण्याला गेल्यापासून त्या वेळात घरात बोलायला कुणी नसतंच, पण नियम तो नियम. गळा रात्रभर झोपलेला असतो, त्याला एकदम हाक मारून उठवू नये, असं त्यांचं म्हणणं आहे.

एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात गॅस गळायला लागला. सकाळचे साडेआठ झाले होते. त्यांनी आमची बेल वाजवली आणि पाटी पुढे धरली. ‘आमच्या घरी गॅसचा वास येत आहे. कृपया मास्तरांना पाठवावे.’ खाली रेघ मारून, ‘त्वरित.’ मास्तर म्हणजे माझे पती सुधाकर. ते धावत गेले, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि घाम पुसत म्हणाले, “अहो उत्तमराव, ओरडायचं की!”

उत्तमरावांनी पाटी पुसली आणि लिहिलं, ‘प्रयोग जवळ आला आहे.’

प्रयोगाला सोळा दिवस होते.

उत्तमराव संगीत नाटकातले गायक नट. ही ओळख ते स्वतःच करून देतात, आणि ती एका विशिष्ट पद्धतीने. “उत्तमराव गाडेकर, काळी तीन.” बँकेत, लग्नात, मतदान केंद्रावर, सगळीकडे. ज्यांना गाण्यातलं काही कळत नाही त्यांना ते एखाद्या गल्लीचं नाव वाटतं. काळी तीन म्हणजे ऑर्गनवरची तिसरी काळी पट्टी. तिला ‘सा’ मानून गायचं म्हणजे पुरुषाच्या गळ्याला चांगलाच चढ. तरुणपणी उत्तमराव तो चढ पळत चढायचे, असं ज्यांनी ऐकलं आहे ते सांगतात. मीही त्यांतली एक आहे. एकदा उत्तमराव रक्त तपासायला गेले असताना नर्सने विचारलं, “काका, ग्रुप कोणता?” तर म्हणाले, “बी पॉझिटिव्ह. काळी तीन.” तिने दोन्ही लिहून घेतलं.

घशाच्या डॉक्टरबाईंकडची गोष्ट तर सुधाकर पाहुण्यांना साभिनय सांगायचे. बाई म्हणाल्या, “आ करा.” उत्तमरावांनी विचारलं, “सूर कुठाय?” बाई समजूतदार होत्या. त्यांनी मोबाईलवर तानपुरा लावून दिला. मग जो ‘आ’ सुरू झाला तो बाहेर बसलेल्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्यावर थांबला. बाई म्हणाल्या, “गळा उत्तम आहे, पण मला अजून दिसला नाही. आता गप्प बसून तोंड उघडा.”

उत्तमराव फुलंब्रीकडचे. घरी मका, कापूस, चार भाऊ. भावांनी शेती सांभाळली आणि यांनी पाटबंधारे खात्यात नोकरी करून गाणं सांभाळलं. आमच्या नाट्यमंडळाचं एक स्वतःचं नाटक होतं, एका हेडमास्तरांनी लिहिलेलं. त्यात एक राजा रानात हरवतो आणि सापडेपर्यंत सबंध तिसरा अंक गातो. हा राजा उत्तमरावांनी चाळीस वर्षं केला. रंगमंचावर त्यांची भाषा अशी शुद्ध की हेडमास्तरांनाही आपणच हे लिहिलं का, अशी शंका यायची. विंगेत पाऊल पडलं की, “चहा हाय का रं? लई कोरड पडली.”

या दोन भाषांची सरमिसळ एकदाच झाली, तीही त्यांच्या गावाजवळ, फुलंब्रीला. राणीचा निरोप घेताना राजाच्या मुकुटाची दोरी तुटली आणि मुकुट नाकावर आला. उत्तमराव राजाच्याच खर्जात म्हणाले, “प्रिये, हा मुकुट लई ढिला बांधलाय गं.” मागून आरोळी आली, “वन्स मोअर!” संगीत नाटकात वन्स मोअर नाकारायचा नसतो. उत्तमरावांनी मुकुट नीट बसवला, मान झटकून पुन्हा नाकावर पाडला, आणि ते वाक्य पुन्हा म्हटलं. फुलंब्रीची माणसं अजून भेटली की विचारतात, “काय राजे, मुकुट बसला का नाय?”

ऑर्गनवर सुधाकर असायचे, म्हणून ते सगळ्यांचे मास्तर. कचेरीतली नोकरी करून उरलेलं सगळं आयुष्य त्यांनी त्या वाद्यापुढे बसून काढलं. गाणाऱ्याने उंच जावं आणि आपण खाली जमीन धरून ठेवावी, यात त्यांना समाधान होतं. एरवी ते बोलायचे कमी. उत्तमराव दोघांचं बोलायचे, अर्थात दहानंतर.

अठरा वर्षांपूर्वी सिल्लोडला प्रयोग होता. मी पहिल्या रांगेत होते. तिसऱ्या अंकातल्या मोठ्या पदात वरचा ‘सा’ घेताना उत्तमरावांचा आवाज फाटला. एकदा, आणि सावरून पुन्हा घेतला तेव्हा पुन्हा. दोन-तीन जण हसले. पद कसंबसं पुरं झालं. प्रयोगानंतर ते राजाच्या कपड्यांतच लोखंडी पेटीवर बसून राहिले. रंग उतरवला नाही. सुधाकर जवळ गेले तेव्हा एवढंच म्हणाले, “मास्तर, झालं आपलं. आता राजा दुसऱ्या कुणाला द्या.”

पुढचा प्रयोग जालन्याला होता. “एवढा एक करा, मग सोडा,” असं म्हणून सुधाकरांनी त्यांना नेलं. आणि तिथे त्यांनी उत्तमरावांना काळी तीन दिलीच नाही. एक पट्टी खालचा सूर दिला, पांढरी चार. तबलाही त्याच सुरात लावायला लागतो, म्हणून तबलजीला तेवढं सांगितलं होतं. वरचा ‘सा’ लागला. उत्तमराव प्रयोगानंतर विंगेतून ओरडतच आले, “मास्तर! काळी तीन परत आली का नाय?”

सुधाकर म्हणाले, “तुमचीच पट्टी ती.”

मग दर तीन-चार वर्षांनी सुधाकर आणखी एक पायरी उतरायचे. पांढरी तीन, काळी दोन, पांढरी दोन. शेवटी काळी एक. पट्टी जसजशी उतरली तसतसा उत्तमरावांचा अभिमान चढत गेला. “वयानं आवाज पिकतो वहिनी,” ते मला सांगायचे. “लोकांचा बसतो, आपला पिकला. सत्तरीत काळी तीन गाणारा दाखवा मला मराठवाड्यात.” मी चहा आणायला आत जायची.

मला हे पटत नव्हतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. कुणी एक पुस्तक मागावं आणि आपण त्याच वेष्टनात दुसरं घालून द्यावं, असा तो प्रकार मला वाटायचा. तसं मी सुधाकरांना म्हणालेही. ते म्हणाले, “वाचणाऱ्याला आवडतंय ना?” मग थोड्या वेळाने, “मी असेपर्यंत कळायचं नाही त्याला.” आपण नसू तेव्हाचा विचार त्यांनी केला नव्हता. कुणी करत नाही.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत सुधाकर गेले. दोन दिवसांचा ताप आणि मग काहीच नाही.

त्या दिवशी सकाळी साडेसातला उत्तमराव आले. पाटी आणली नव्हती. भिंतीशी बसले. लोक येत होते, जात होते, दहा वाजून गेले, अकरा वाजले. ते बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, “वहिनी, ऑर्गनवर कापड टाका. धूळ बसंल.” कापड मी आधीच टाकलं होतं. त्यांनी ते उचललं, झटकलं आणि पुन्हा टाकलं.

वर्ष पुरं होत आलं तेव्हा मंडळाने ठरवलं की सुधाकरांच्या आठवणीचा कार्यक्रम करायचा. छोटा हॉल, सुधाकरांचाच ऑर्गन, आणि उत्तमरावांनी राजाची पदं गायची. ऑर्गनला रशीदभाई. शहागंजाजवळ त्यांचं पेट्या दुरुस्त करायचं दुकान आहे. कव्वालीच्या साथीत त्यांचा हात मुरलेला, आणि आमचा ऑर्गनही तेच नीट करायचे.

उत्तमराव खूश होते. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, “या बरं का. मास्तरसाठी गायचंय. काळी तीन.” दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाई म्हणाल्या, “काका, या वयात? खाली घ्या थोडं.”

“खाली?” उत्तमराव म्हणाले. “बाई, खाली भाजीवाला हाय. त्याच्याकडं जा.”

मी दार लावून आत आले आणि बसून राहिले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस भर हॉलमध्ये काळी तीन मागणार. रशीदभाई ती देणार, कारण त्यांना काय ठाऊक? आणि सिल्लोडला झालं ते पुन्हा होणार, ओळखीच्या सगळ्या माणसांसमोर, सुधाकरांच्या फोटोसमोर. उत्तमरावांना सांगावं तर अठरा वर्षं एका क्षणात काढून घेतल्यासारखं होईल. न सांगावं तर हे. चार दिवस मी काहीच केलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी रिक्षा करून रशीदभाईंच्या दुकानात गेले.

त्यांनी एक पेटी उघडी केली होती. स्टुलावरचे भाते हटवून मला जागा करून दिली. “बैठो भाभी. चाय बोलूं?”

मी म्हटलं, “चहा नको. रशीदभाई, एक चमत्कारिक विनंती आहे. उत्तमराव तुमच्याकडे काळी तीन मागतील. तुम्ही काळी एक द्या. तबल्यालाही तसं सांगा. पण त्यांना कळू देऊ नका.”

रशीदभाईंनी हातातला पेचकस खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, “परसोंच आये थे गाडेकरसाब.”

“कशाला?”

“येईच बोलने कू. मैं स्टेज पे काळी तीन बोलूंगा, तुम चुपचाप काळी एक देना.”

मी म्हटलं, “म्हणजे त्यांना ठाऊक आहे?”

“हौ. जालने के पहले दिन से. सुर का आदमी है भाभी, उसकू नै समजेगा? बोले, मास्तर इतने प्यार से चुरा रहे थे, मैं कैसा पकडता? अठरा साल ऑर्गन की तरफ देखाच नै बोले. उंगलियां दिख गयीं तो मास्तर शरमा जाते.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी विचारलं, “मग मला का नाही सांगितलं त्यांनी?”

रशीदभाई अवघडले. “आपकू बोलने कू मना किये थे. मैं बोल दिया, माफ करो.” मग उत्तमरावांचेच शब्द त्यांनी जसेच्या तसे मराठीत सांगितले. “म्हणाले, मास्तरचं तेवढं एक गुपित वहिनीपाशी राहिलंय. ते सांभाळण्यात त्यांचा दिवस जातो. ते कशाला काढून घ्यायचं?”

मी उठले. नको म्हटलेला चहा आला होता, तो तसाच राहिला.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. फुलंब्रीहून गाडेकरांचे भाऊ आले होते, फेटे बांधून. उत्तमराव पांढरा नेहरू शर्ट घालून उभे राहिले. नेहमीप्रमाणे ऑर्गनकडे पाठ. मंडळाचे चिटणीस हौसेने माईकवर म्हणाले, “आता उत्तमराव पट्टी सांगतील. तुम्हा सर्वांना माहीतच आहे.” लोक हसले. कुणीतरी मागून ओरडलं, “काळी तीन!”

उत्तमरावांनी हात वर केला. तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतील. ते सुधाकरांच्या फोटोकडे बघत होते. हात तसाच वर राहिला, इतका वेळ की चिटणीस पुढे सरकले.

मग ते रशीदभाईंना म्हणाले, “मास्तर द्यायचे ती द्या.”

सूर आला. त्यांनी डोळे मिटले आणि पद सुरू केलं. आवाज जुना झाला आहे, मधेमधे खरखरतो, पण ते घाई करत नव्हते. वरच्या ‘सा’पाशी आले तेव्हा हॉलमध्ये कुणी हललं नाही. तो लागला आणि बराच वेळ राहिला.

मी पहिल्या रांगेत कडेला बसले होते. तिथून रशीदभाईंची बोटं सरळ दिसली असती. मी तिकडे पाहिलं नाही.