मागच्या दाराने

आमच्या बेटावरच्या लायब्ररीतल्या त्या आकाइतीला कुणीतरी सांगायला हवं, की पुस्तकं सांभाळायला ठेवलेल्या मुलीने पुस्तकं सांभाळावीत. ऑकलंडहून शिकून आल्यापासून तिने त्या शांत जागेचा बाजार करून टाकलाय. सोमवारी मांडीवरची पोरं गाणी ऐकायला. मंगळवारी म्हातारे पुरुष मोबाइल शिकायला, म्हणजे एकमेकांचे झोपलेले फोटो काढून हसायला. गुरुवारी आम्ही बायका शिवायला, आणि नेमकं आमच्याच वेळेला शेजारच्या खोलीत शाळेतली कार्टी कागद कापायला. आमच्या कात्र्या उचलून त्यांना देते ही! काही बोललं की मान डोलावते, गोड हसते, "हो आजी" म्हणते आणि शेवटी तिला हवं तेच करते. आमच्या वेळी याला उद्धटपणा म्हणत. आता म्हणे याला प्रोग्राम म्हणतात.

आम्ही शिवतो ती तिवाएवाए. एका रंगाच्या कापडाची घडी घालून पानाफुलांची नक्षी कापायची, दुसऱ्या रंगाच्या मोठ्या चादरीवर ती पसरायची आणि सगळ्यांनी भोवती बसून, चादरीच्या कडा मांडीवर घेऊन, हाताने शिवायची. शिवणाऱ्या पुष्कळ. कापणारी एकच. आमच्या गावात ती मी, तांगी. शाळेत मी फार टिकले नाही, पण कापडावर पेन्सिलीची रेघ मारायची वेळ माझ्यावर कधी आलेली नाही.

आणि आमची रीत अशी, की ज्या हाताने नक्षी कापली, त्याच हाताने ती चादर पाहुण्याच्या खांद्यावर घालायची. दुसरीने घातली तर पाहुण्याला तिथल्या तिथे कळतं, की दिलं खरं, पण मनातून दिलं नाही. तो अपमान झाला. त्यापेक्षा काहीच न दिलेलं बरं.

यावेळचा पाहुणा होता आमचा मेयर, तामारुआ.

या तामारुआच्या डुकरांनी माझं अळूचं शेत उकरून ठेवलं होतं. सगळं. आणि हा कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "जनावर आहे, त्याला काय कळतं?" त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही. चर्चमध्ये तो डाव्या बाजूला बसला की मी उजव्या बाजूला. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण मध्यंतरी कौन्सिलमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, की लायब्ररी म्हणजे काही शिंप्याचं दुकान नाही, ती मोठी खोली कौन्सिलच्या बैठकांना द्या. म्हणजे पोरांची गाणी बंद, म्हाताऱ्यांचे मोबाइल बंद, आणि आम्ही परत त्या गळक्या हॉलमध्ये, जिथे कापडावर डाग पडतात.

"तो गुरुवारी बघायला येतोय," आकाइती म्हणाली. "जे काय ते इथेच उभं राहून सांगणार आहे. आपण त्याला ही तिवाएवाए द्यायची. तुमच्या हाताने."

"माझ्या हाताने त्याला मी काठी देईन. पाठीवर."

"आजी, तुम्ही नाही घातलीत तर तो काय समजेल?"

"खरं तेच समजेल. शेवटचा टाका घालेन आणि मागच्या दाराने निघून जाईन. आमच्यात शिवायला बसते त्या तेरेआपीला घालू दे."

"तेरेआपी मावशींनी नक्षी कापलेली नाही."

"मग नका देऊ. माझ्या जिवाला काही फरक पडत नाही."

फरक पडत होता. तो गळका हॉल माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. पण एकदा 'नाही' म्हटलेलं मी परत घेतलं असतं, तर तेरेआपीने ते गावभर वाटलं असतं. आकाइतीने मान डोलावली, गोड हसली आणि "हो आजी" म्हणाली.

गुरुवारी मी माझा एरवी फक्त रविवारी चर्चला निघणारा पांढरा झगा घालून गेले. तामारुआसाठी नव्हे. मागच्या दाराने जायचं असलं तरी माणसाने नीट जावं. सगळ्या बायका खाली चटईवर बसल्या होत्या. तेरेआपी माझ्यासमोर, आणि आकाइती येऊन माझ्या डाव्या हाताला, अगदी खेटून बसली.

"इथे का?"

"तुमचं बघून शिकते, आजी."

तिचे टाके म्हणजे खेकडा वाळूवरून गेल्यासारखे. दर गुरुवारी ती शिवायची, दर गुरुवारी मी उसवायची. म्हटलं, बस.

"तांगे, एवढी नटून आलीस," तेरेआपी दोऱ्याला थुंकी लावत म्हणाली, "मला वाटलं तुझा विचार बदलला."

"माझा विचार बदलत नाही. तुझं पान तेवढं बदल. ते पान आहे की मेलेला मासा?"

"मासा तर मासा. निदान मी पाहुणा आला की पळत तरी नाही."

"पळत नाहीये! जातेय. पळायला काय मी तुझी कोंबडी आहे?"

मग मी तिच्या पानातल्या चुका एकेक करून सगळ्यांना समजावून सांगितल्या. त्यात जरा वेळ गेला. आकाइती बाजूला मान खाली घालून मुकाट शिवत होती. तशी गप्प ती कधी बसत नाही. तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बाहेर मेयरची गाडी वाजली.

मी गाठ मारली, दोरा सुईच्या नेढ्याजवळ हाताने तोडला, "येते" म्हटलं आणि उठले. माझ्याबरोबर चादरही उठली.

पटकन खाली बसले. झग्याला हात लावून पाहिला. मांडीवरचा झगा आणि चादरीची कड, दोन्ही एक झालेली. एवढं आयुष्य गेलं शिवण्यात, शिकाऊ पोरींना "मांडीला शिवून घेशील हं" म्हणून हसण्यात, आणि आज, तेरेआपीच्या समोर, मीच!

"काय झालं गं?" तेरेआपी.

"गुडघा."

"उठवू का?"

"हात लावू नकोस!"

सुईने दोरा उचकटायला गेले. टाके कडेच्या खालून होते, दिसेनात. दाताने तोडावं तर पुढचे दात कधीच गेले. ओढावं तर दुहेरी दोरा, तुटायच्या आधी झगा फाटला असता नाहीतर चादर. सगळ्यांच्या इतक्या गुरुवारांची मेहनत.

"आकाइती," मी ओठ न हलवता म्हटलं, "कात्री."

"कात्र्या मुलांकडे आहेत ना, आजी."

"मग आण!"

"आता? ते आले."

आले. तामारुआ, त्याची बायको आणि मागे पाद्रीबाबा. खोलीभर नजर फिरवत तामारुआ उभा राहिला. भिंतीजवळ मंगळवारचे म्हातारे बसले होते, त्यांनी मोबाइल खिशात घातले. पाद्रीबाबांनी स्तोत्र सुरू केलं आणि सगळे उभे राहिले. बसलेली एकटी मी. स्तोत्राला बसून राहणारी बाई आमच्याकडे एकतर मरणपंथाला लागलेली असते, नाहीतर देवाला सोडलेली. तामारुआने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचे ओठ असे घट्ट झाले, की मला ती खोली हातातून जाताना दिसली.

मग उठले. दुसरं काय करणार? चादरीची कड दोन्ही हातांनी उराशी धरली, झगा खाली लपवला, आणि उभी राहिले.

गाणाऱ्या बायकांचे आवाज एकदम चढले. तेरेआपीने तर आ वासला. मागच्या दारापर्यंत जावं तर एवढी मोठी चादर फरफटत न्यावी लागली असती, म्हणजे चोरीच. पुढे फक्त तामारुआ होता. बायकांनी भराभर बाकीची टोकं उचलली आणि मला ढकलत नेल्यासारखं त्याच्यापुढे नेऊन उभं केलं.

घातली त्याच्या खांद्यावर. टाळ्या झाल्या. आता रीतीप्रमाणे मी मागे सरायचं होतं. मागे सरले, तर चादरीबरोबर तामारुआ पुढे आला.

पुन्हा जवळ गेले. सगळ्यांना वाटलं मिठी मारतेय. मग मिठीच मारली. मांडी झाकायला दुसरा उपाय नव्हता.

कुणीतरी नाक ओढलं. पाद्रीबाबांनी डोळे मिटले आणि दोन घरांतल्या वैराच्या अंताबद्दल प्रार्थना सुरू केली. पाद्रीबाबांची प्रार्थना आखूड नसते.

"तांगी," तामारुआ माझ्या कानाशी पुटपुटला, "झालं. सोड आता."

"सुटत नाही."

अंगाने एवढा दांडगा माणूस, पण त्याचा श्वास जड झालेला मला ऐकू येत होता.

"माझ्याही मनातून सुटलं नव्हतं गं," तो म्हणाला. "डुकरं मी बांधायला हवी होती."

"काय म्हणालास?"

"डुकरं. माझी चूक होती."

"मोठ्याने बोल. तेरेआपीला ऐकू येत नाही."

आणि तो बोलला! पाद्रीबाबांचं 'आमेन' व्हायच्या आत, सगळ्यांसमोर, की अळूचं शेत माझ्या डुकरांनी खाल्लं, मी माफी मागितली नाही, आता मागतो, आणि पुढच्या लावणीला माझी माणसं देतो. मग त्याने तशाच मिठीत सांगून टाकलं, की जिथे अशी कामं होतात ती खोली कौन्सिलला नको, कौन्सिल बसेल त्या गळक्या हॉलमध्ये. मंगळवारच्या म्हाताऱ्यांनी मोबाइल परत बाहेर काढले.

"अहो," त्याची बायको म्हणाली, "आता सोडा की तिला."

"मी धरलेलं नाही!" तामारुआ म्हणाला.

त्याला खुर्चीत बसवलं, तर मलाही चादरीखाली त्याच्या शेजारीच बसावं लागलं. त्याच्या बायकोने नारळाच्या दुधातले मासे वाढले. तो जेवला, मी जेवले. मला अजून वाढ, असं तो बायकोला पुन्हा पुन्हा सांगत होता आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, की घास गिळवेना. उठून जावं तर कसं?

शेवटी आकाइती माझ्या पायाशी येऊन बसली. "आजी, चादरीची घडी घालायला मदत करते," म्हणाली, आणि आपल्या झग्याच्या खिशातून एक छोटी कात्री काढली. खिशातून. चादरीखाली हात घातला. कच् कच्. मी सुटले.

पाहुणे गेले. बायका भांडी उचलायला लागल्या. मी खिडकीपाशी गेले आणि झगा उजेडात धरला. दोरा अजून त्यात अडकलेला होता. बारीक टाके. सरळ. एकसारखे. दोन्ही टोकांना दुहेरी गाठ. आणि मला आठवलं, की चादरीच्या त्या कडेला पान नव्हतं, फूल नव्हतं, काही नव्हतं. शेवटचं पान तिथून वीतभर लांब होतं. तिथे शिवायला माझ्या मांडीशिवाय काहीच नव्हतं.

"आकाइती!"

आली. मान डोलावायच्या तयारीने.

"काय, आजी?"

तेरेआपी कान टवकारून उभी होती. राहू दे उभी. मी झगा आकाइतीच्या नाकासमोर धरला.

"लबाड आहेस, आगाऊ आहेस, आणि तुझे टाके मी यापुढेही उसवणार आहे. पण पुढची नक्षी तू कापायचीस. म्हणजे जे द्यायचं ते आपल्या हाताने देशील, माझ्यासारख्या म्हातारीला चादरीला बांधून नाही."