नानांची पिकअपवरची खोली

आमच्या शेजारचे नाना कुठलीही बांधलेली वस्तू हलवून बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत. आमच्या म्हशीचं दावं, माझी कपड्यांची तार, पाहुण्यांच्या मोटारसायकलीवरची पिशवी. हलवायची आणि विचारायचं, "सुटलं तर?" मिलिटरीत त्यांनी डोंगरातून ट्रक चालवले. आष्ट्याला परत आले, पण घाट काही अंगातून उतरला नाही.

त्यांच्या परसात एक पत्र्याची खोली चार जॅकवर उभी आहे. आता कोंबड्या तिच्या सावलीला बसतात. पण ती गाडीवर चढली ते दिवस मला अजून दिसतात.

नानांच्या बायकोच्या, सुमनकाकींच्या, पाठीचं ऑपरेशन झालं आणि त्यांना बसवेना. त्यांची थोरली बहीण तिकडे माण तालुक्यात, अंथरुणाला खिळलेली. तिला एकदा बघायचं, एवढंच काकींचं मागणं. म्हणून नानांनी पिकअपच्या हौद्यात बसेल अशी खोली करून घेतली. आत पलंग, पुढच्या बाजूला खिडकी.

बसवायच्या दिवशी सगळी गल्ली जमली. नानांनी गाडी इंचाइंचाने मागे घेत खोलीखाली घातली. खोली घसरू नये म्हणून हौद्यात आधीच रबर अंथरलं होतं. वजन मागच्या चाकांच्या जरा पुढे पडलं पाहिजे, नाहीतर गाडी नाक वर करते, हे त्यांनी प्रत्येकाला धरून सांगितलं. मला दोनदा.

ते साखळ्या आणायला घरात गेले तेवढ्यात आमच्या ह्यांनी उसाच्या ट्रॉलीवर टाकतात तसा वरून दोर टाकला आणि चौघांनी मिळून आवळला. छपराचा पत्रा पापडासारखा वाकला. नाना बाहेर आले, पत्र्यावरून हात फिरवला. म्हणाले, "गड्या, ऊस न्हाई ह्यो. माणूस जायाचंय ह्यातनं."

पत्रा ठोकून सरळ केला. चारी कोपऱ्यांपासून खाली चेसीपर्यंत साखळ्या ताणल्या. तरी निघायचा दिवस ठरेना. नाना रोज रिकामी गाडी फिरवून आणत, वाटेत थांबून साखळ्या पुन्हा आवळत. माणातून येणारे फोन काही बरे नव्हते. काकी विचारायच्या, आणि नाना म्हणायचे, उद्या.

एका सकाळी ते मान खाली घालून आमच्या दारात आले. माझी अंगकाठी काकींसारखीच, तेव्हा मी एकदा आत झोपून बघावं, म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांच्या घरी गेले तर काकींनी पलंगावरून हात जोडले, मग मी खोलीत चढले.

गाडी निघाली. नानांच्या मागची काच आणि खोलीची खिडकी, दोन्ही उघड्या होत्या. मला त्यांची नुसती मान दिसत होती. खड्डा आला की गाडी मुंगीच्या पावलाने चालायची. पुढे बघतच ते बोलले, "सुमन, भ्या वाटतंय का?"

काकी तर घरी होत्या. घरात नानांची हाक "आगं" एवढीच. हे नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

"मला लय वाटतंय," ते म्हणाले.

मोठ्यांसमोर माझं तोंड उघडत नाही. पण त्या दिवशी पडल्या पडल्या मी म्हणाले, "न्हाई वाटत. जाऊया उद्या."

पुढच्या फाट्यावर नानांनी गाडी घराकडे वळवली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच वाटेत साखळ्या आवळायला थांबले नाहीत.