सांबराची दुसरी कूस

एका जंगलात, मुलांनो, मार्गशीर्षातली पंचमी उजाडली होती. धुकं इतकं दाट की वडाला आपल्याच पारंब्या दिसेनात.

त्या वडाखाली सरकारी दवाखाना होता. खाटा तीस, रुग्णही तीस, आणि परिचारिका एक. गोदाक्का नावाची वानरीण. बाकीच्या जागा रिकाम्या होत्या. त्या लवकरच भरू, असं सिंहमहाराज दर दसऱ्याला सांगत. प्रजा टाळ्या वाजवी. गोदाक्काचे हात तेवढे मोकळे नसत.

कोपऱ्यातल्या खाटेवर आप्पा सांबर होते. कड्यावरून पडल्यापासून त्यांचं कमरेखालचं अंग लुळं होतं. ते डाव्या कुशीवर पडून असत. एवढं थोरलं धूड वळवायला चौघीजणी तरी हव्यात. मग डाव्या अंगाला जखम झाली आणि ती खोल जाऊ लागली.

"अक्का, कूस बदलून दे गं."

"आप्पा, माझे हातपाय चार, शेपूट पाचवी. पुरत नाहीत हो."

"मग शेपटीनं काय करतेस? माश्या वारतेस?"

"तुमच्याच!"

जखम हाडाला लागली की आप्पा वाचणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून दोघं शेपटीवर हसत.

त्या दिवशी दवाखान्याची तपासणी होती. सकाळीच धुक्यातून गव्यांची गाडी आली. तिच्यातून वीस परिचारिका उतरल्या. हरिणी, मुंगशिणी, एक जाडजूड अस्वलीण.

"शेजारच्या जंगलातून आणल्यात," अधीक्षक तरसराव म्हणाले. लग्नघरी उसनी पातेली मोजून घ्यावीत तसं त्यांनी सगळ्यांना मोजून घेतलं. "संध्याकाळी परत करायच्यात. कुणाला पोचा येऊ देऊ नकोस."

गोदाक्कानं पुढचं ऐकलंच नाही. "बायांनो, आधी इकडे या!"

अस्वलिणीनं खांदा दिला, तिघींनी कंबर धरली. आप्पा उजव्या कुशीवर वळले. त्यांनी मान उंचावून बाहेर पाहिलं. मग म्हणाले, "अगं, ह्या बाजूनं नदी दिसते की!"

दुपारी तपासनीस आले. बगळेसाहेब. पांढरेशुभ्र, एका पायावर उभं राहून विचार करणारे. गोदाक्कानं त्यांना पारंबीआड गाठलं.

"साहेब, खरं सांगते. ह्या सगळ्या उसन्या आहेत."

"ठाऊक आहे मला. परवा त्यांच्या जंगलात ह्याच होत्या. त्याआधी टेकडीपलीकडे. ती अस्वलीण तर आता मला नमस्कारसुद्धा करते."

"मग तसं लिहा ना!"

"लिहिलंय की. 'सर्व परिचारिकांना तीन-तीन दवाखान्यांचा अनुभव आहे.'"

संध्याकाळी गाडी परत गेली. आप्पांच्या दुसऱ्या कुशीची पाळी पुन्हा कधी येणार, हे गाडीवर अवलंबून राहिलं.

आठवड्यानं हुकूम आला. परिचारिका गरजेपेक्षा एकीनं जास्त आहेत, एक कमी करावी. तरसरावांनी इकडेतिकडे पाहिलं. उसन्यांतली कमी करणं त्यांच्या हातात नव्हतं.

"अक्का, तुला काढलं नाही हो," ते म्हणाले. "गाडीवर घेतलंय."

"गाडी कुठं जाते?"

"जिथं तपासणी असेल तिथं."

"आणि इथं कोण बघणार?"

"इथं परिचारिका पुरेशा आहेत. हुकमातच आहे तसं."

"आप्पांची कूस?"

"पुढच्या मार्गशीर्षात येशीलच की."

आप्पांनी सगळं ऐकलं होतं. "जा गं तू," ते म्हणाले. "शेपूट तेवढी ठेवून जा. माश्या फार आहेत."

ह्या वेळी कुणी हसलं नाही.

पुढच्या मार्गशीर्षात पंचमीला धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं. गाडी थांबण्याआधीच गोदाक्कानं उडी मारली. अस्वलिणीला हाताला धरून ओढतच तिनं कोपरा गाठला.

खाट रिकामी होती. गादी एका बाजूला खचलेली होती.

बगळेसाहेबांनी एका पायावर उभं राहून नोंद केली: रुग्ण एकोणतीस, परिचारिका एकवीस. प्रमाण सुधारले आहे.

तात्पर्य: मुलांनो, परिचारिका कमी पडल्या तर त्या वाढवायची घाई करू नये. थोडा धीर धरावा. रुग्ण कमी होतात.