बेबी ऑफ सुमन

अख्ख्या काष्टीत सोनाराच्या काट्यावर पोपट ठेवणारी बाई एकच, आमच्या शेजारच्या गायकवाड सिस्टर.

पोपट म्हणजे आपला हिरवा राघू नव्हे. तो पाळायला बंदी आहे, आणि तसलं पिल्लू कुणी आणून दिलंच तर सिस्टर आणणाऱ्यालाच पिंजऱ्यात घालतील. हा राखाडी अंगाचा, गालावर नारिंगी टिकली आणि डोक्यावर पिवळा तुरा असलेला, कॉकाटेल जातीचा. सिस्टरच्या पुण्याच्या भाच्यानं तीन महिन्यांचं पिल्लू आणून दिलं होतं. किराणा दुकानातला काटा त्याचं वजन धड दाखवेना, म्हणून सिस्टर भाच्यानं आणलेल्या, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातूनच त्याला सराफाकडे घेऊन गेल्या. सराफानं चष्म्यावरून पाहिलं.

"सिस्टर, मोडायला आनलंय का?"

"आधी वजन सांगा. हसायचं मागनं."

ऐंशी ग्रॅम भरलं. तशी नोंद झाली.

सगळी नोकरी सिस्टरनी आरोग्य उपकेंद्रात काढली. निम्मं गाव त्यांच्या हातांत जन्मलेलं, त्यामुळे त्यांच्यासमोर कुणाची मान वर होत नाही. उपसरपंचांना त्या भर बाजारात म्हणतात, "तू पायाळू हुतास. तवापासनंच उलटा!"

पिल्लू घरात आलं आणि भिंतीवर वाढीचा तक्ता लागला. वर नाव लिहिलं, 'बेबी ऑफ सुमन'. दवाखान्यात बारशाआधीच्या बाळाला आईच्या नावानं ओळखतात, तोच शिरस्ता. सुमन म्हणजे त्या स्वतः. गल्लीत त्याचं 'बेबी' झालं. मी एकदा विचारलं, "नर हाय का मादी?"

"गुरुजी, इतक्यात कळत न्हाई. आन तुमाला घाई काय, सोयरीक जुळवायचीय?"

सिस्टरचा एक मंत्र होता, आधी बघायचं, मग हात लावायचा. पहिले आठ दिवस त्यांनी बेबीला बोटही लावलं नाही. पिंजऱ्याशेजारी बसून गहू निवडायच्या, पेपर मोठ्यानं वाचायच्या आणि मला शिकवायच्या. तुरा ताठ म्हणजे कान टवकारलेत. तुरा मागं चापून बसला म्हणजे भ्यालंय. चोच बारीक करकर वाजवतंय म्हणजे झोप आलीय, सुखात हाय. बुद्धवंदनेची उदबत्तीसुद्धा धुरामुळे ओट्यावर गेली.

उपसरपंच बघायला आले आणि त्यांनी थेट गजांतून बोट घातलं. बेबीनं कडकडून चावा घेतला.

"लई माजलंय की हो हे!"

"माजलं न्हाई, भ्यालंय. तुरा चापून सांगत हुतं, नको म्हनून. तू ऐकलंस का?" असं म्हणत सिस्टरनी त्यांचं बोट साबणानं धुतलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही विचारलं. उपसरपंच पुन्हा आले ते हात खिशात घालूनच.

मग सिस्टरच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दौंडला दोन दिवस राहायचं होतं. बेबी आमच्याकडे आलं, सोबत दोन पानी सूचना: पालक धुऊन, चहा अजिबात नाही, पंखा बंद. सिस्टर पहाटे, पिंजऱ्यावर चादर असतानाच, पावलं न वाजवता निघून गेल्या.

चादर काढली आणि बेबीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि जी किंचाळायला सुरुवात केली ती थांबेचना. माझ्या बायकोनं पालक दिला, ओव्या म्हटल्या. मी पेपर वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी किंचाळणं थांबलं, आणि ते जास्त वाईट होतं. बेबी एका कोपऱ्यात पिसं फुगवून बसलं. दाण्याला शिवेना. दौंडला फोन करावा, तर सिस्टर डोळ्याचं सोडून पहिली गाडी पकडतील. मी पुण्याच्या भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "आज संध्याकाळपर्यंत नाही खाल्लं तर डॉक्टरकडे न्या."

दुपारीच सिस्टर आल्या, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. बेबीनं त्यांना पाहिलं आणि पाठ फिरवली. आम्ही दोघं नवराबायको गुन्हेगारासारखे उभे.  त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि हात बाहेरच ठेवून जमिनीवर बसल्या. हळू शीळ घालत राहिल्या. पाऊण तासानं तुरा जरा हलला. मग बेबी एकेक पाऊल टाकत दारात आलं आणि त्यांच्या तळहातावरची बाजरी टिपू लागलं.

"माझंच चुकलं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "मी चोरून गेले. सांगून जायला पायजे हुतं."

"अहो, त्याला काय कळतंय?"

"सगळं कळतंय."

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. सिस्टर मोठ्यानं म्हणायच्या, "बेबी, मी दळन टाकून येते गं," आणि निघायच्या. आतून हाक आली की गल्लीतून शीळ घालायच्या. आतून उत्तर यायचं. हिरव्या पट्टीतली, शीळ घालत गिरणीकडे जाणारी बाई बघायला लोक ओट्यावर येत.

चार दिवसांनी मी पेपर द्यायला गेलो, तर सिस्टर फोन मांडीवर ठेवून बसल्या होत्या. नाशिकला लेक असते, आशा. तिच्याशी नुकतं बोलणं झालं होतं.

"आशाचे वडील गेले तवा ती चार वर्षांची," त्या सांगू लागल्या. "बाळंतपनाचं बोलावनं आलं की मी तिला माझ्या आईजवळ निजलेली टाकून पहाटे चोरून निघायचे. रडंल म्हनून. इतक्या वर्षांत त्यावर आमी कधी बोललोच न्हाई. आज म्हनलं, सांगावं तिला. चुकलं माझं."

"मग? काय म्हणाली?"

"म्हनली, आई, मी जागीच असायची. डोळे मिटून पडायची. मी हलले तर तुझा पाय निघायचा न्हाई, म्हनून."

 सिस्टरनी पट्टीवर पदर दाबून धरला.

"ह्या डोळ्यातनं पानी काढायचं न्हाई, डॉक्टरनी बजावलंय."

दुसऱ्या डोळ्याबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते.