कॅप्टन दळवींची शेवटची अट

सकाळी आठच्या सुमाराला आमच्या बिल्डिंगची लिफ्ट तळमजल्यावर उघडली, की समोर पांढऱ्या कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस हात जोडून उभा असतो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला तो खर्जात सांगतो, ‘‘नमस्कार. सांभाळून उतरा.’’ आता लिफ्टमधून उतरताना सांभाळायचं काय असतं, हे एक त्यालाच ठाऊक. पण शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत हा बाबा जागचा हलत नाही. बिल्डिंगमध्ये पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यांना वाटतं, भाईंदर पश्चिमेच्या सोसायट्यांनीही आता दरवान ठेवायला सुरुवात केली. दरवान नव्हे हो. ते कॅप्टन दळवी.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे टाकी भरली नाही, कबुतरांनी घाण केली, कोणी कोणाच्या जागेत स्कूटर लावली, की सगळं माझ्या गळ्यात. त्यात कॅप्टनचीही तक्रार आली. पाचव्या मजल्यावरच्या शाहबेन म्हणाल्या, ‘‘सेक्रेटरी, ये क्या है? रोज सुबह हाथ जोडके खडा रहता है. मेरेको लगता है मैं किसी की शादी में आयी.’’ मी कॅप्टनना सांगायला गेलो. त्यांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं आणि म्हणाले, ‘‘तुम्ही सोसायटीचे पाइप बघा.’’

हा गृहस्थ छोट्या गावांना जाणारी छोटी, पंख्यांची विमानं उडवायचा. सगळी उमर आभाळात काढली आणि राहतो कुठे, तर तळमजल्यावर. का, विचारलं तर म्हणतो, ‘‘वरचं सगळं बघून झालंय.’’ एक दिवस त्याने नोकरी सोडली. का सोडली, याचं कारण विचाराल तर माणूस बघून बदलतं. मला सांगितलं, कंपनीचा उपमा नेहमी गार असायचा. वॉचमनला सांगितलं, पहाटे न्यायला येणारी गाडी काशीगावाच्या सिग्नलला अडकायची. शाहबेनच्या मिस्टरांना सांगितलं, रात्रीच्या मुक्कामाच्या लॉजवर उशीला खोबरेल तेलाचा वास यायचा. उपम्यापायी विमान सोडणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

पण विमान सुटलं, विमानाच्या खोडी सुटल्या नाहीत. रिक्षात बसण्याआधी हा माणूस रिक्षाला पूर्ण फेरी मारतो. वाकून खाली बघतो, तिन्ही टायर बुटाने ठोकून बघतो, मागच्या दिव्यावरून हात फिरवतो. स्टेशनला निघालेलो आम्ही आत बसून घाम पुसत असतो. एकदा रिक्षावाला वैतागून म्हणाला, ‘‘साब, बैठना है के खरीदना है?’’ कॅप्टन शांतपणे म्हणाले, ‘‘पिछला टायर देखो.’’ आणि चालत निघून गेले. टायर बरा दिसत होता. पुढे तो पंक्चर झाला आणि आपण धन्य झालो, असलं काही झालं नाही. रिक्षा आम्हाला स्टेशनला सुखरूप घेऊन गेली. गाडी चुकली ती यांच्या प्रदक्षिणेमुळे.

त्यांचं एक पालुपद आहे, ‘‘मग उडवा म्हणावं तुम्हीच.’’ विमान कंपन्यांकडे वैमानिक कमी पडलेत, जुन्यांना परत बोलावतायत, अशी बातमी पेपरात आली की हे वाक्य ठरलेलं. पुढे पुढे ते कशालाही लागू झालं. भाजीवाल्याने भाव वाढवला, ‘‘मग उडवा म्हणावं.’’ सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टँकरचा विषय निघाला, ‘‘मग उडवा म्हणावं तुम्हीच.’’ ऐकणाऱ्याने टँकर उडवायचा की काय, देव जाणे.

गंमत म्हणजे विमानावर इतकं थुंकणारा हा माणूस वैमानिकाची वैद्यकीय तपासणी मात्र दरवर्षी नेमाने करून घेतो. तपासणी जवळ आली की जिलबी बंद, वडे बंद, पहाटे मैदानाला चकरा. मी एकदा चिमटा काढला, ‘‘कॅप्टन, लग्न करायचं नाही, मग मुंडावळ्या कशाला बांधताय?’’ त्यावर ते बूट चढवून मैदानाकडे निघून गेले.

त्यांची बायको सुमनवहिनी, तारोडीच्या कोळ्यांची लेक. बाई मोठी फटकळ. ती मला म्हणायची, ‘‘भावजी, या मानसाला परत इमानात घालवा कुठं तरी. घरात ऱ्हायलाय का मानूस? नुसता खिडकीत बसून आवाज ऐकतो. कुठलं इमान चाललंय ते बघत न्हाय, नुसता ऐकतो.’’ मी हसून सोडून द्यायचो. खरं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

आणि एका रविवारी त्यांच्याकडे खरंच एक बाई आली. तिशीतली, चटपटीत, हातात टॅब. छोट्या गावांना जोडणारी नवी विमान कंपनी निघाली होती, तिच्याकडून. विमानं आली होती, उडवायला माणसं नव्हती. कॅप्टननी मला साक्षीदार म्हणून बोलावून घेतलं. वहिनीने चांगले कप काढले होते आणि ती स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभी होती. आज काय होतंय यावर तिचं सगळं लक्ष होतं.

‘‘सर, तुमच्या अटी सांगा,’’ बाई म्हणाली.

कॅप्टन पाय पसरून बसले. ‘‘मी परत आलो की पहिल्यापासून सुरुवात करा म्हणणार तुम्ही. कालच्या पोरांच्या शेजारी उजव्या खुर्चीत बसवणार.’’

‘‘नाही सर. ट्रेनिंग झालं की डावी खुर्ची. कॅप्टनचीच.’’

‘‘रात्रीचे मुक्काम?’’

‘‘रोज रात्री घरी.’’

‘‘पहाटेची गाडी?’’

‘‘फाटकापर्यंत येईल.’’

कॅप्टनची मान प्रत्येक होकाराबरोबर खाली जात होती. हा माणूस नाही म्हणायची तयारी करून बसला होता आणि ती पोरगी त्याची एकेक काठी काढून घेत होती. शेवटी मीच म्हणालो, ‘‘आणि उपमा?’’

‘‘गरम,’’ बाई म्हणाली. वहिनी फिसकन हसली.

कॅप्टन हसले नाहीत. पंख्याकडे बघत म्हणाले, ‘‘एक राहिलं. विमान उतरलं, की शिडीपाशी उभं राहणार मी. शेवटचा माणूस उतरेपर्यंत.’’

बाईला आधी तो विनोदच वाटला. मग तिने त्यांचे कान बघितले. लालबुंद झाले होते.

‘‘सर, आमचं विमान वीस मिनिटांत परत निघतं. तेवढ्यात कॅप्टनला पुढची कामं असतात. खुर्ची सोडून खाली येणं... ’’ ती थांबली. ‘‘विचारते मी.’’ आणि फोन घेऊन व्हरांड्यात गेली.

तेवढ्यात वहिनी बाहेर आली आणि माझ्याकडे बघून बोलली, पण बोलली ती नवऱ्यासाठीच. ‘‘माझा बापूस तांडेल होता. होडीचा मालक न्हाय, होडी नेनारा. होडी किनाऱ्याला लागली, की शेवटचा खलाशी उतरंस्तोवर तो उतरत नसे. प्रत्येकाच्या तोंडाकडं बघायचा. लग्न झाल्यावर यांनी ते बघितलं नि उचललं. एकदा कुठल्या गावाला एक म्हातारी उतरली. पयल्यांदाच बसलेली. यांना बघून बोलली, तूच आनलंस का रं बाबा? नि तिथंच यांच्यावरून कडाकडा बोटं मोडली. घरी येऊन जेवले न्हाईत हे त्या दिवशी. आनंदानं. मग जुन्या कंपनीनं फतवा काढला, कप्तानानं खुर्ची सोडायची न्हाय. म्हैनाभर बसले खुर्चीत. मग सोडलं.’’

‘‘उपमाही गार असायचा,’’ कॅप्टन पुटपुटले.

बाई आत आली. तिचा चेहराच सांगत होता. ‘‘सर, ते नाही म्हणाले. उतरणाऱ्यांना नमस्कार करायला केबिन क्रू असतो म्हणाले. पण पगाराचं बोलू शकतो आपण.’’

‘‘चहा घ्या,’’ कॅप्टन म्हणाले. ‘‘गार होतोय.’’ मग उडवा म्हणावं, हे वाक्य मी कान टवकारून ऐकायला बसलो होतो. ते आलंच नाही.

सोमवारी सकाळी लिफ्ट तळमजल्यावर उघडली, तर समोर कोणी नव्हतं. मी म्हटलं, चला, शाहबेनची तक्रार निकालात निघाली. मंगळवारीही कोणी नव्हतं. बुधवारी लिफ्टमधून उतरताना माझा पाय उगाच अडखळला, आणि मला स्वतःचाच भयंकर राग आला. एका विक्षिप्त माणसाच्या नमस्कारावाचून माझं काय अडलं होतं? ऑफिसला निघालेला मी फाटकापर्यंत गेलो, परत फिरलो आणि कॅप्टनच्या दाराची बेल दाबली.

त्यांनी दार उघडलं. अंगात बनियन, दाढी वाढलेली.

‘‘कॅप्टन,’’ मी म्हणालो, ‘‘लिफ्ट पाचव्यावर थांबलीय. आता खाली येईल. माणसं आहेत आत.’’

ते माझ्याकडे त्याच जुन्या तुच्छतेने बघत राहिले. ‘‘मग हे आत्ता सांगताय?’’ असं म्हणून आत धावले. वहिनीच्या हातात शर्ट तयारच होता, इस्त्रीचा. तीन दिवस ती तो रोज तयार ठेवत होती. बटणं लावत, एकाच पायात चप्पल घालून ते लिफ्टपाशी पोचले आणि लिफ्ट उघडली.

‘‘नमस्कार. सांभाळून उतरा.’’

शाहबेन बाहेर आल्या आणि थबकल्या. ‘‘कॅप्टन! दो दिन किधर थे? मैंने सोचा, तबियत बिगड गयी.’’ मग त्यांनी पिशवी काखेत मारली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, दोन्ही हात जोडले.

आत अजून एक म्हातारे गृहस्थ काठी शोधत होते. कॅप्टननी लिफ्टचं दार हाताने धरून ठेवलं आणि ते गृहस्थ बाहेर येईपर्यंत तिथेच उभे राहिले.