सिदोजीराव देवोन दंड चुकविला त्याची हकीकत

श्रीशारदेस नमन केले, आणि नमन करिताना लवलेली मान पुन्हा वर करावी ऐसे कारण न सापडल्याने तैसीच लववोन हे लिहिले. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघमासी कोणा एका राज्यी वर्तमान जाहले ते ऐसे. त्या राज्यी उंच कडीस जाळे बांधोन त्यात चेंडू टाकावयाचा खेळ, ज्यास लोक बास्केटबॉल म्हणतात, तो राजधर्म मानीत. ऐसी राज्ये तीस, आणि तिसांवर एक महामंडळ. आणि महामंडळाने मर्यादा घातली की, गड्यांचे पगारी अमुक रकमेवर कोणी खर्च करू नये, केल्यास वरील दर रुपयास तीन रुपये दंड भरावा, आणि जमला दंड मर्यादेखालील राजांनी वाटोन घ्यावा. हेतू थोर होता. धनवंताने सारे उत्तम गडी उचलोन दुबळ्यांचा खेळ बुडवू नये. परंतु मोजणी मोसमाचे अखेरीस होत असे, आणि माघ वद्य चतुर्थीचे तिसरे प्रहरापावेतो गडी एकमेकांत बदलावयाची मुभा असे. मग थोर राजे निम्मा मोसम मर्यादा ओलांडोन खेळत, आणि त्या प्रहरापूर्वी एखादा भारी पगाराचा गडी परक्या दरबारी रवाना करोन सोवळे होत. यास ते राज्यशास्त्र म्हणत. आम्ही शास्त्रे पुष्कळ वाचिली, त्यांत हे कोठे आढळले नाही, तरी मान डोलाविली.

त्या साली आमचे राज्य प्रथमच अजिंक्यपदाचे ढालेजवळ पोहोचले, आणि मर्यादेचेही वर गेले. मग महाराजांनी मसलत बैसविली. कारभारी विसाजीपंत बोलिले, "सिदोजी गव्हाणे यांस पूर्वेकडील दरबारी द्यावे. म्हणजे आपण मर्यादेखाली." सिदोजीराव हे बारा वर्षांचे जुने गडी, उमेदीच्या काळी इतर राज्यांतून बोलावणी आली ती यांनी परतविली, आणि तेवढ्याचकरिता करारी लिहोन घेतले होते की, आपल्या संमतीवाचून आपणांस कोठे पाठवू नये. महाराज म्हणाले, "ते संमती कैसी देतील?" पंत म्हणाले, "पूर्वेकडील लोक त्यांस घेतील आणि त्याच सांजेस मोकळे करतील. पंधरवड्याने थोडक्या पगारावर ते घरी परत, ऐसे त्यांस सांगू." तेव्हा आम्ही, नियमांचे पुस्तक आमचे स्वाधीन असल्याने, अर्ज केला की, कलम एकोणीस आड येते, जो गडी ज्या दरबाराने दिला त्याने मोकळा होऊनही त्या मोसमात त्याच दरबारी परतू नये. पंत हसोन बोलिले, "ते तुम्हांस ठाऊक, मज ठाऊक. सिदोजीस ठाऊक आहे काय?" आणि महाराज खिडकीबाहेर पाहू लागले. थोरांस एखादी गोष्ट ऐकावयाची नसली की खिडकीबाहेर बहुत प्रेक्षणीय असते.

मग सिदोजीरावांस सरावातून बोलाविले. ते घोट्यास पट्ट्या तशाच ठेवोन आले आणि उभ्यानेच म्हणाले, "काय पंत, विकले का मला?"

"छे, छे, सिदोजीराव! चार दिवस परगावी जाऊन आलात ऐसे समजा."

"गोल गोल नको. ढालेच्या सामन्यास मी मैदानात असणार की नाही, तेवढे बोला. बारा वर्षे हरणारे सामने खेळलो. एक जिंकणारा खेळू द्या."

"आपणावाचून ढाल कसली!" पंत बोलिले.

मग सिदोजीराव आम्हांकडे वळले. "तुम्ही पुस्तकवाले. नियम काय तो वाचा बरे." आणि आम्ही सतरावे वाचिले, आणि अठरावे वाचिले, आणि घसा साफ केला, आणि विसावे वाचिले. सिदोजीराव म्हणाले, "ठीक," आणि संमतीची सही केली.

त्या खेळी रीत ऐसी की, दिला गेलेला गडी सोबत्यांस मिठ्या मारोन निघतो. सोबती उठले, तो सिदोजीराव हात झटकोन म्हणाले, "मिठ्या कसल्या रे? येतोच आहे पंधरवड्याने. माझ्या खुंटीवर कोणी टॉवेल टाकू नका." नाईकोजी म्हणोन तरणा गडी बोलिला, "बरे झाले काका, तोवर प्रवासात तुमचे घोरणे तरी नाही!" सारे हसले, आम्हीही हसलो.

पूर्वेकडील दरबाराने, पुढील साली नवे गडी निवडावयाचा आमच्या दरबाराचा पहिला हक्क दक्षिणेदाखल घेवोन, सिदोजीरावांस त्याच सांजेस मोकळे केले. त्यांचे नावाचा सदराही शिवला नव्हता. सोळावे दिवशी ते परत आले, आणि पहारेकऱ्याने दारी अडविले, आणि पंत कपाळास हात लावोन बोलिले, "अरेरे, हे कलम कोणाच्याच ध्यानी आले नाही!" इतर राज्यांच्या जागा तोवर भरल्या होत्या. मग ज्येष्ठमासी राज्याने ढाल जिंकिली. सिदोजीराव तिकीट काढोन वरचे रांगेत बैसले होते. नाईकोजीने खालोन हाका मारिल्या, "काका, खाली या!" ते पायऱ्या उतरोन कठड्यापावेतो आले, आणि पहारेकरी आडवा जाहला. तेथेच त्यांनी आम्हांस गाठिले.

"एकोणिसावे त्या दिवशी गाळलेत ना?"

आम्ही म्हणालो, "घाई होती."

"मला वाचता येते हो. तुमच्यासारखा माणूस वाचतोय म्हणून मी पाहिले नाही." आणि आवाज न चढविता, रामराम करोन गेले. शिवी दिली असती तर आम्हांस उत्तर करावयास काही सापडते.

सारांश, राज्य मर्यादेखाली राहिले, इतरांच्या दंडाचा वाटा महाराजांस पोहोचला, विसाजीपंतांस शालजोडी जाहली. पुढे ढालेवर विजयी गड्यांची नावे कोरावयाची, तेव्हा नाईकोजीने हट्ट धरिला की काकांचे नाव हवे. महाराजांनी नियम विचारिला. मोसमाचे अखेरीस जो गडी पटावर नाही त्याचे नाव कोरू नये, ऐसे कलम निघाले. ते आम्ही भर दरबारी, एक अक्षर न गाळता, मोठ्याने वाचिले.